आजींचा आड

पर्यावरणशास्त्राच्या एम.एस्सी.ला शेवटच्या सत्रात प्रकल्प असतो. पुण्यात शिकणाऱ्या एका मुलीने त्यासाठी अहिल्यानगर जिल्ह्यातले पठारावरचे एक गाव निवडले आणि विषय घेतला भूजलाचा. रविवारी संध्याकाळच्या एसटीने ती गावात मुक्कामाला यायची. सोमवारी उजाडताच विहिरी-विहिरींवर जाऊन टेप सोडायची, पाणी किती खोल आहे ते वहीत टिपायची आणि दुपारच्या गाडीने परतायची.

त्या पठाराखाली सगळा काळा पाषाण. हा खडक स्वतः पाणी धरत नाही. वरचा झिजलेला मुरूम आणि खालच्या भेगा यांत मावेल तेवढेच पाणी गावाचे. १ हेक्टर रानावर १ मिलिमीटर पाऊस पडला तरी १०,००० लिटर पाणी होते, पण त्यातले बरेचसे उताराने निघून जाते. पुस्तकातले हे सगळे मुलीला तोंडपाठ होते.

विहिरींचे पाणी वर-खाली होत होते. त्याचे कारण उघड होते: प्रत्येक विहिरीवर मोटर होती आणि रानात उन्हाळी कांदा होता. कोडे होते ते एकाच ठिकाणी. गावाच्या कडेला एका आजींचा अरुंद आड होता. त्यावर मोटर नव्हती. आजी रहाटाने घरापुरते आणि दोन शेळ्यांपुरते पाणी शेंदत. तरी त्या आडाचे पाणी एका सोमवारी हातभर खाली, पुढच्या सोमवारी पुन्हा वर असे चालले होते.

मुलीने टेप तपासली. ती ठीक होती. आजी काही लपवत असतील, अशीही शंका तिला येऊन गेली. शेवटी तिने गाईड मॅडमना विचारले, "हा आड वगळू का? आलेखात बसत नाही."

मॅडम म्हणाल्या, "वगळ की. पण आजींना विचारलंस का?"

विचारले नव्हते. आडाची खोली, व्यास, बांधणीचे वर्ष असे सगळे फॉर्मवर होते. पाणी का हलते, हा रकाना फॉर्मवर नव्हता.

पुढच्या रविवारी ती आजींच्या ओट्यावर टेकली. प्रश्न ऐकून आजी हसल्या. "येवढंच व्हय? अगं पोरी, एक आठवडा दिवसाची लाईट असती, एक आठवडा रातची. रातची लाईट आली की माझा आड सकाळपातूर उतरतो. बांधापलीकडं पुतण्याची हीर हाय ना! एकाच परातीतलं कालवण ह्ये. त्यानं तिकडून ओरपलं की माझ्याकडचं कमी व्हणारच."

"मग तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत?"

"सांगून काय? भाऊबंदकी हाय. कोर्टात जा म्हनंल."

तो तसे म्हणाला असता, तर त्याच्या बाजूने कायदाही होता. आपल्या जमिनीखालचे पाणी उपसण्याचा जमीनमालकाचा हक्क १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने मानला आहे, हे मुलीने कायद्याच्या पेपरात लिहून गुण मिळवले होते. त्या हक्काची दुसरी बाजू तिला इथे आडाच्या काठावर दिसत होती.

रातपाळीच्या आठवड्यात तिने आडावर मुक्काम ठोकला. रात्री दहाला लाईट आली, पलीकडे मोटर सुरू झाली. दर तासाला टेप टाकावी, तर पाणी दोन-चार बोटे खाली गेलेले. पहाटे लाईट गेली आणि पाणी हळूहळू चढू लागले. आलेख आता इतका स्वच्छ होता की तो घेऊन थेट पुतण्याच्या दारात जावे, असे तिच्या मनात आले. आजींनी हात धरला. "कागद नगं दावू. कागद दावला की त्याला वाटंल, काकूनं पोरीला वकील केलं."

म्हणून तिने त्याला नुसते बोलावले. "दादा, रात्री एकटीला टेप धरायला जमत नाही. तुम्ही धराल का?"

तो आला. पहिल्या तासाला त्याने आकडा वाचला, दुसऱ्या तासाला वाचला. तिसऱ्या तासाला तो वाकून बराच वेळ आडात पाहत राहिला आणि न बोलता घरी गेला. दुसऱ्या रात्री लाईट आली, पण पलीकडची मोटर वाजली नाही. मध्यरात्री तो स्वतःच टेप मागायला आला. त्या रात्री पाणी जागचे हलले नव्हते. "काकू," तो ओशाळून म्हणाला, "मला वाटायचं, तुझा आडच आटत चाललाय."

याच जिल्ह्यात हिवरे बाजार आहे. तिथे पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून रब्बीची पिके ठरवतात. या गावातले बरेच जण ते पाहून आले होते. पण 'आपल्याकडं भाऊबंद एका सतरंजीवर बसत नाहीत' म्हणत तो विषय तिथेच राहिला होता. आता ग्रामसभेत पुतण्याच उठला. तो म्हणाला, "आपल्या विहिरी आपापल्या मोटरीनं हलत्यात, त्यांच्यावरून काय कळायचं नाही. काकूच्या आडाला मोटर नाही. सगळ्या शिवाराचा उपसा तिथं दिसतो. तिथला आकडा दर सोमवारी पंचायतीच्या भिंतीवर लिवू." पुढच्या वर्षी कांदा किती एकर लावायचा, यावर भांडण झालेच. पण ते भिंतीवरच्या एका आकड्यासमोर झाले, आणि शेवटी काही एकर कांद्याच्या जागी हरभरा ठरला.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आलेखातल्या नेमक्या त्याच रेषेवर बोट ठेवले. "ही एक विहीर वेगळी दिसते. चूक आहे का?"

"नाही सर," मुलगी म्हणाली. "अख्ख्या गावाची विहीर तीच आहे."

तात्पर्य : आपल्या आलेखात न बसणारा आकडा खोडण्याआधी, तो ज्याच्या घरचा आहे त्याला विचारावा. आणि कारण कळले की निष्कर्ष सांगत बसू नये. ज्याच्यामुळे आकडा हलतो, त्याच्याच हाती टेप द्यावी.