आजीचा अर्ज

जालन्यात मस्तगडच्या बाजूला चहा घेताना ओळखीचे एक वकील सहज बोलून गेले, "आजी-आजोबांनी लाड करावेत, अर्ज करू नयेत." विषय होता लेक गेल्यावर नातवाच्या ताब्यासाठी कोर्टाची पायरी चढणाऱ्या म्हाताऱ्यांचा. वकील भले गृहस्थ आहेत, कायदा जाणतात. पण ते वाक्य तेव्हापासून मला सलतं आहे.

कायदा सगळ्यांना थोडाफार माहीत असतो. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी बाप, त्याच्यानंतर आई, आणि सगळ्यांच्या वर मुलाचं हित. आजी-आजोबा त्या यादीत नाहीत. त्यांना १८९० च्या पालक-पाल्य कायद्याखाली कोर्टात जावं लागतं. वकिलांचं सगळं बळ या यादीत आहे.

मला दोन प्रश्न वेगळे ठेवावेसे वाटतात: मूल कुणाचं, आणि मूल कुणापाशी. पहिल्याचं उत्तर जन्माच्या दाखल्यावर मिळतं. दुसऱ्याचं आमच्या जालना जिल्ह्यात कुठेही दिसेल. दिवाळीच्या आगेमागे मंठा, परतूर, घनसावंगीकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल फेडायला नवरा-बायको कोयता घेऊन जातात, आणि कितीतरी घरांत शाळेतलं पोर आजीपाशी राहतं. ताप आला तर दवाखान्यात नेणारी ती. शाळेच्या कागदावर पालकाच्या सहीच्या जागी अंगठा उठवणारी ती. बोटाची शाई पदराला पुसत मास्तरांना विचारते, "लेकराला वाचता येतंय का आता?" त्या अंगठ्याला कुणी हरकत घेत नाही. हरकत निघते ती आई मेल्यावर, दोन घरांत वितुष्ट आल्यावर.

वकिलांचा दुसरा मुद्दा वयाचा. म्हातारी माणसं किती दिवस पुरणार? याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयानं जून २०२२ मध्ये दिलं आहे. कोविडनं आईबाप हिरावलेला पाच-सहा वर्षांचा मुलगा. गुजरात उच्च न्यायालयानं त्याला मावशीकडे दिलं, कारण ती वयानं लहान, सरकारी नोकरीत. आजी-आजोबा साठी-सत्तरीतले, पेन्शनवर. सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. वय आणि उत्पन्न एवढ्यावर माया मोजता येत नाही, हाच त्याचा आशय. आणि २००८ चं कोलकात्याचं प्रकरण तर वकिलांना निरुत्तर करणारं आहे. मुलाची आई गेलेली, तिच्या मृत्यूवरून बापावरच खटला. तरी खालच्या न्यायालयांनी मूल बापाला दिलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं ते आईच्या आईवडिलांकडे ठेवलं. त्या आजी-आजोबांनी वर दाद मागितली नसती तर?

थोडं आडवळण घेतो. सईबाई गेल्या तेव्हा, १६५९ च्या सप्टेंबरात, शंभूराजे सव्वादोन वर्षांचे होते. अफजलखान स्वराज्यावर चालून आलेला. दूध पाजलं कापूरहोळच्या धाराऊनं, वाढवलं जिजाऊंनी. महाराष्ट्रातलं आजीनं वाढवलेलं सगळ्यांत ठाऊक असलेलं हे नातवंड. पण जिजाऊंचा हक्क किती, असं कधी कुणी विचारलं नाही, कारण बाप आणि आजी एकाच बाजूला होते. भांडण नव्हतं, म्हणून प्रश्नच नव्हता.

पण बाप आणि आजोळ समोरासमोर आले तर? इथे मी अडलो, आणि २०१९ चं आपल्याच महाराष्ट्रातलं एक प्रकरण आठवलं. गरोदरपणात आईला कॅन्सर निघाला. आजारपणात तान्ही मुलगी आजोळच्या माणसांकडे राहिली. आई गेली, आणि लेक परत मिळावी म्हणून बापाला मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. तिथे आणि मग सर्वोच्च न्यायालयातही तो जिंकला. माझा कल आधी आजोळच्या माणसांकडे होता. पण बापाचा गुन्हा काय? बायको अंथरुणाला खिळली हाच? 'कुणापाशी' हाच निकष धरला तर अडचणीत मूल दुसऱ्याकडे सोपवणारा प्रत्येकजण ते गमावून बसेल. मग उसाच्या फडातून परतणाऱ्या आईलाही तिचं लेकरू परत मागता येणार नाही. तिच्यावरचा हा अन्याय मला मान्य नाही.

त्या निकालातली पुढची ओळ मला फार मोलाची वाटते. पहिले तीन महिने आजोळच्यांनी दिवसभर बापाच्या घरी येऊन मुलीपाशी राहावं, त्यांची नीट सोय बापानं करावी. पुढे दर शनिवार-रविवारी भेट. आईकडून उरलेलं हे एवढंच नातं न तुटता टिकावं, याची ही तजवीज होती. पण ती त्या न्यायाधीशांनी केली म्हणून झाली. आजी-आजोबांच्या भेटीचा हक्क आपल्या पालकत्वाच्या कायद्यांत लिहिलेलाच नाही. विधी आयोगानं मे २०१५ च्या २५७ व्या अहवालात आजी-आजोबांच्या वेळेचाही विचार केला होता. त्याचा कायदा झालेला नाही.

म्हणून वकीलसाहेब, अर्ज तर करायचाच. जावयावर लेकीच्या मरणाचा आळ असेल, तो मारकुटा किंवा दारुडा असेल, तर ताबाच मागायचा, वयाची लाज न बाळगता. पण बाप नीट असेल, तर आजी-आजोबांनो, मूल मागू नका, वेळ मागा. आठवड्याचे दोन दिवस, उन्हाळ्याची सुट्टी, दिवाळी. आणि तुम्ही, वकीलसाहेब, त्यांचा तो अर्ज लिहून द्या.