उंच माणूस आणि बॉबी राजदूत

राजदूत जीटीएस १९७३च्या ‘बॉबी’ सिनेमात दिसली आणि तेच नाव तिला चिकटलं. गाडी देखणी, पण बुटकी. धर्माबादच्या मिरची बाजारातून सव्वासहा फुटी पोरगा तिच्यावरून निघाला, तर गुडघे हँडलला लागणार. मग चेसिस कापून वाढवायची?

सीट जाड करा, हँडल उंच लावा. ते उद्या काढता येतं. कापलेली चेसिस पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. पैसे मोजले म्हणून एवढा हक्क मिळतो? मला नाही वाटत. ही गाडी आता बनत नाही, आणि आरसी बुकात आपल्यानंतरही कुणाचं तरी नाव चढायचंय.

त्यापेक्षा जुनी बुलेट बघा. तिच्यावरही आधी बसा, पाय फूटरेस्टवर ठेवा, हँडल पूर्ण वळवा. मगच भाव विचारा.