पहिल्या दिवसाचा पाहुणा

आप्तांच्या घरीं गेलेल्या माणसानें पहिल्या दिवशीं कसें वागावें, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो, आणि नीतीच्या मोठ्या प्रश्नांत त्याची गणना कोणी करणार नाहीं. तथापि देणें आणि घेणें, मान आणि आपलेपणा यांविषयींच्या आपल्या कल्पना कितपत खऱ्या आहेत, याची कसोटी त्या एका दिवशीं जितकी लागते तितकी इतर वेळीं क्वचितच लागत असेल.

आपल्या धर्मग्रंथांनीं अतिथीचा गौरव मुक्तकंठानें केला आहे. तैत्तिरीय उपनिषदाची शिक्षावल्ली अध्ययन संपविलेल्या शिष्यास माता, पिता व आचार्य यांच्या पंक्तीस अतिथीलाही देव मानावयास सांगते. परंतु हा अतिथि कोण? जो एक रात्र राहतो, ज्याचें राहणें नित्य नसतें तो अतिथि, असें मनुस्मृतीचा तिसरा अध्याय सांगतो. आणि एकाच गांवांत राहणाऱ्यास अतिथि समजूं नये, असेंही तेथें म्हटलें आहे. म्हणजे अतिथि हा मूळचा परका. प्राचीन ग्रीक भाषेंत तर पाहुणा आणि परका या दोहोंस एकच शब्द होता. मग जो परका नाहीं, ज्याचें येणें महिनाभर आधीं ठरलेलें असतें, त्या पुतण्यास किंवा मावसभावास काय म्हणावें? तो अतिथि नव्हे, आणि घरचाही उरलेला नाहीं. या दोन अवस्थांमधील उंबरठा म्हणजे त्याचा पहिला दिवस.

रायगड जिल्ह्यांतील काशीदचेंच उदाहरण घेऊं. पश्चिमेस समुद्र, उत्तरेस रेवदंड्याची खाडी, दक्षिणेस राजपुरीची खाडी, आणि पूर्वेस जंजिऱ्याच्या नबाबांचें एके काळचें शिकारीचें रान, जें १९८६ सालीं अभयारण्य झालें तें फणसाड. या चतुःसीमेंतील मुलूख बेट नसूनही बेटाप्रमाणें अलग होता. रेवदंड्याच्या खाडीवर पूल नव्हता तेव्हां मुंबईचा माणूस जलमार्ग, गाडी व तर यांची माळ गुंफीत येथें पोंचे. अंगणांत पाय धुवावयास पाणी व हातावर गुळाचा खडा मिळे. मग तो ओटीवर जो टेके तो उठत नसे, कारण उठण्याचें त्राणच त्याच्यांत नसे. प्रवासाच्या कष्टांनीं पहिला दिवस आपोआप घराच्या स्वाधीन होई.

ते कष्ट आतां सरले आहेत. मार्च २०२० मध्यें भाऊच्या धक्क्यापासून मांडव्यापर्यंत मोटारीसुद्धां माणसें नेणारी बोट सुरू झाली. सकाळीं निघालेला पाहुणा ताजातवाना येऊन उभा राहतो, आणि त्याचे डोळे सुरूच्या बनापलीकडील तीन किलोमीटरांच्या वाळूकडे लागलेले असतात. पिशव्या ओटीवर ठेवून तो म्हणतो, “काकू, आमच्यासाठीं कांहीं खटपट करूं नका, आम्ही बाहेरच जेवूं.”

या बोलण्यामागें सद्भाव असतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु आज काशीदमध्यें अनेक घरांतून प्रवाशांना खोल्या भाड्यानें देतात, आणि हें वाक्य त्या प्रवाशाच्या तोंडीं शोभतें. त्याचा हिशेब निघतांना चुकता होतो. आप्ताचा हिशेब पैशाचा नसल्यामुळें तो चुकता करण्याचा मार्गच नाहीं. घराचें देणें नाकारून तो घराला मोकळें करीत नाहीं. तो केवळ भाडें न देणारा भाडेकरू होतो.

शिवाय घराला कांहीं सांगावयाचें असतें. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळानें या किनाऱ्यावरील माड-पोफळींच्या वाड्या आडव्या केल्या. माडाचें रोप लावून फळ हातीं येण्यास कित्येक वर्षें जातात. ज्यानें उतारवयांत तीं रोपें पुन्हा लावलीं, त्याला आल्यागेल्या माणसास तीं एकेक करून दाखवावयाचीं असतात. कोण गेलें, कोण आजारी आहे, कोणाचें लग्न ठरलें, हें सांगावयाचें असतें. हें ऐकून घेणारा आप्त नसेल, तर मग दुसरें कोण ऐकणार?

घेण्यांत कमीपणा आहे असें ज्यांस वाटतें त्यांनीं होमरचा ओडिसियस आठवावा. वीस वर्षांनीं स्वतःच्याच बेटावर परतलेला हा राजा प्रथम आपल्या डुकरें राखणाऱ्या सेवकाच्या झोपडींत अनोळखी पाहुणा म्हणून बसतो. सेवक त्याला आधीं जेवूं घालतो आणि मग तो कोण, कोठला, हें विचारतो. बेटाच्या धन्यासही आपल्या घरचा रस्ता पाहुणचार स्वीकारूनच सांपडला.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो आम्हांस सर्वांत बळकट वाटतो. पाहुणचाराचा मान ओटीवरील पुरुषास मिळतो आणि त्याचें ओझें चुलीपाशीं स्त्रीच्या हातांवर पडतें. तेव्हां “खटपट करूं नका” हीच खरी दया नव्हे काय? असती, जर ती वेळेवर आली असती. पण पाहुणा हें ओटीवरून बोलतो तेव्हां आंत पहांटेपासून डाळ भिजलेली असते, नारळ खोवून झालेले असतात. त्याच्या नकारानें श्रम वांचत नाहींत, ते वायां मात्र जातात.

उपाय नकारांत नाहीं. आंत जाण्यांत आहे. अंगण, पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागील दार, असा कोंकणी घराचा क्रम असतो. परक्याचा अधिकार ओटीपाशीं संपतो. पहिल्या दिवसाचा सूर्य मावळण्यापूर्वीं जो मागील दारापर्यंत पोंचला, ज्यानें वाढलेलें आनंदानें खाल्लें आणि उठून हंडाभर पाणीही आणलें, ज्यानें काकूची खुशाली काकांस न विचारतां काकूलाच विचारली, त्यानें घेतलेंही आणि ओझेंही हलकें केलें. त्याला घरचा म्हणावयास आमची हरकत नाहीं.

समुद्र दुसऱ्या दिवशीं पाहिला तरी चालतो. तो जागचा हलत नाहीं. ओटीवर वाट पाहत बसलेलीं वृद्ध माणसें पुढील खेपेस तेथेंच भेटतील, याची मात्र हमी कोणी द्यावी?