छावणीबाहेरचा माणूस

सामान्य काळातील सहावा रविवार (वर्ष ब)
वाचने : लेवीय १३:१-२, ४४-४६, १ करिंथ १०:३१–११:१, मार्क १:४०-४५



आजचे पहिले वाचन ऐकताना मन अस्वस्थ होते. कातडीवर चट्टा दिसला की त्या माणसाला याजकाकडे न्यायचे. याजकाने तपासून त्याला अशुद्ध ठरवले की त्याने फाटकी वस्त्रे घालायची, ओठ झाकायचे आणि आपण अशुद्ध आहोत असे ओरडत फिरायचे. रोग असेपर्यंत त्याने एकटे राहायचे, छावणीच्या बाहेर.

हा नियम आपल्याला निर्दय वाटतो. पण इस्राएल लोकांच्या जागी आपण स्वतःला ठेवून पाहावे. वाळवंटातला प्रवास, तंबूला तंबू लागलेला, औषध नाही. धार्मिक शुद्धतेबरोबरच इतरांचे रक्षण ही चिंताही त्या नियमामागे असणार. नियमाला कारण होते. प्रश्न एवढाच की, ज्याला बाहेर घातले त्याचे पुढे काय?

शुभवर्तमानात तोच बाहेर घातलेला माणूस येशूपुढे गुडघे टेकतो. प्रभूला त्याचा कळवळा येतो. तो हात पुढे करून त्याला स्पर्श करतो आणि बरे करतो. पण गोष्ट इथे संपत नाही. येशू त्याला सांगतो की, आता जाऊन स्वतःला याजकाला दाखव आणि मोशेने नेमून दिलेले अर्पण कर. म्हणजे ज्याने नियमाची भिंत ओलांडून स्पर्श केला, त्यानेच नियम पाळायलाही सांगितले. येशूला व्यवस्था नकोशी नव्हती. व्यवस्थेच्या नावाखाली माणूस टाकून दिलेला त्याला चालत नव्हता.

साथीचा रोग येतो तेव्हा सरकारपुढे आणि समाजापुढे हाच प्रश्न येतो. रोग वेगळा ठेवायचा, पण माणूस कसा सांभाळायचा? सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या मुंबई-पुण्यात या प्रश्नावर मोठा वाद झाला होता. त्या वादातून आपल्याला शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

खरे सांगणारा डॉक्टर

१८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस रुग्णसेवा करीत होते. मूळचे गोव्यातील हडफडे गावचे, आपल्याच श्रद्धेचे. मांडवी म्हणजे बंदराजवळची वखारींची आणि दाट वस्तीची जागा. तिथे ताप आणि अंगावर गाठ असलेले रुग्ण पाहून त्यांनी ओळखले की हा साधा ताप नाही, हा प्लेग आहे. ते महापालिकेच्या स्थायी समितीचे सभासद होते. २३ सप्टेंबर १८९६ रोजी त्यांनी ही गोष्ट समितीपुढे उघडपणे मांडली.

हे ऐकायला कोणाला आवडणार होते? प्लेगचे नाव बाहेर पडले की बंदराचा व्यापार अडचणीत येणार, हे सर्वांना ठाऊक होते. त्यांच्या निदानावर शंका घेतली गेली. पुढे इतर तज्ज्ञांनी तपासले तेव्हा ते खरे ठरले. व्हिएगस नुसते सांगून थांबले नाहीत. ते वस्त्यांमध्ये फिरले, स्वच्छतेसाठी झटले, पुढे लस आल्यावर त्यांनी हजारो लोकांना ती टोचली. मुंबईत मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. त्याच्यासमोरून जाताना क्षणभर थांबावे. सत्य वेळेवर सांगणे हीसुद्धा रुग्णसेवाच आहे.

लसीची गोष्टही अशीच आहे. डॉ. वाल्डेमार हाफकिन या ज्यू शास्त्रज्ञाने मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये ती तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी सर्वांत आधी स्वतःला टोचून घेतली. लोकांना धोका पत्करायला सांगण्यापूर्वी त्याने तो स्वतः पत्करला.

पुण्यातील वाद

सरकारने मात्र सक्तीचा मार्ग धरला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. या कायद्याने अधिकाऱ्यांना मोठे अधिकार मिळाले आणि सद्हेतूने केलेल्या कोणत्याही कृतीबद्दल त्यांच्यावर खटला भरता येणार नाही, अशी सोय झाली. मार्चमध्ये पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या हाताखाली घरझडती सुरू झाली. गोरे सैनिक घराघरात शिरू लागले. देवघरात, स्वयंपाकघरात, बायकांच्या खोल्यांत. संशयितांना इस्पितळात आणि घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत नेले जाई, सामान जाळले जाई. हेतू साथ थांबवण्याचा होता, हे नाकारता येत नाही. पण लोकांना प्लेगपेक्षा झडतीची भीती जास्त वाटू लागली. मग ते रुग्ण लपवू लागले आणि लपवलेल्या रुग्णामुळे साथ आणखी पसरू लागली. भीतीने आज्ञा पाळून घेता येते, विश्वास मिळत नाही. आणि विश्वासाशिवाय साथ आटोक्यात येत नाही.

त्या काळात जे बोलले, त्यांच्यापैकी तिघांकडे पाहू या.

लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून सैनिकांच्या वागणुकीवर कडक टीका केली. पण आपल्याच समाजातील जे पुढारी गाव सोडून पळाले, त्यांनाही त्यांनी सोडले नाही. रुग्णांना वेगळे ठेवण्याची गरज त्यांनी मान्य केली, ते स्वतः पुण्यात राहिले आणि हिंदू रुग्णांसाठी इस्पितळ काढण्यात पुढाकार घेतला. सरकारला दोष देताना त्यांनी स्वतःचे हात कामाला लावले.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. ख्रिस्ताला स्वीकारलेली ही विदुषी पुण्यात निराधार स्त्रियांसाठी शारदा सदन चालवीत होती. प्लेगच्या इस्पितळात आणि छावणीत स्त्रियांचे काय हाल होतात, हे त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रातून उघडपणे लिहिले. राज्यकर्ते ख्रिस्ती होते, रमाबाईही ख्रिस्ती होत्या. तरी त्या गप्प राहिल्या नाहीत. सरकारने त्यांचे म्हणणे नाकारले. पण ज्या स्त्रियांना आवाज नव्हता, त्यांच्यासाठी कोणीतरी बोलले, हे नोंदले गेले. आपल्या धर्माचा म्हणून सत्ताधाऱ्याची चूक झाकायची नसते, हा धडा त्यांनी आपल्याला दिला.

तिसरे गोपाळ कृष्ण गोखले. त्या वेळी ते इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा गंभीर आरोप तिथे जाहीरपणे केला. परत आल्यावर त्यांच्याकडे पुरावा मागितला गेला, पण पत्रे लिहिणारे पुढे यायला तयार नव्हते. तेव्हा गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. पुष्कळांनी त्यांना भित्रे म्हटले. सिद्ध झाले नाही म्हणजे काहीच घडले नाही, असे नव्हे. भीतीपोटी लोक गप्प बसतात, हे आपण जाणतोच. तरीही जे सिद्ध करता येत नाही ते मागे घेण्याचे धैर्य गोखल्यांनी दाखवले. दुःख खरे असले तरी आरोपही खराच असायला हवा, ही आठव्या आज्ञेची शिकवण आहे.

पुढे २२ जून १८९७ च्या रात्री रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर पुण्यात गोळ्या झाडल्या गेल्या. दोघेही मरण पावले. चापेकर बंधू फासावर गेले. त्याच वर्षी टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. इतिहास या घटनांकडे अनेक अंगांनी पाहतो. पण जिथे सरकार ऐकत नाही आणि लोक विश्वास ठेवत नाहीत, तिथे शेवटी रक्त सांडते, एवढे त्यातून दिसते.

आणि एक गोष्ट विसरू नये. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे त्या वेळी सरकारलाही ठाऊक नव्हते आणि लोकांनाही नव्हते. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत ते प्रयोगाने दाखवले १८९८ साली आणि ते सर्वांनी मान्य करायला आणखी काही वर्षे गेली. सामान जळत होते, माणसे भांडत होती आणि पिसवा आपले काम करीत होत्या. साथीच्या काळात प्रत्येकाने आपले मत थोड्या नम्रतेने मांडावे, ते यासाठीच.

पाठीवरचे मूल

वाद ऐन भरात यायच्या आधी पुण्याजवळ एक गोष्ट घडली. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या दलित वस्तीतील एक मुलगा आजारी असल्याचे कळताच सावित्रीबाई तिथे गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्यांना प्लेगची लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

ही माउली आपल्या धर्माची नव्हती. पण आजच्या शुभवर्तमानाचा शेवट आठवा. कुष्ठरोगी बरा झाला आणि गावभर सांगत सुटला. येशूला मात्र उघडपणे कोणत्याही गावात जाता येईना. तो बाहेर, एकांत ठिकाणी राहू लागला. पाहा, जागांची अदलाबदल झाली! जो बाहेर होता तो आत आला आणि जो आत होता तो बाहेर गेला. हा अदलाबदलीचा मार्ग पुढे कालवारीपर्यंत गेला, तोही नगराच्या वेशीबाहेर. सावित्रीबाईंनी त्या मुलासाठी तेच केले. त्याचा रोग त्यांनी आपल्या अंगावर घेतला.

आपल्या काळात

१८९७ चा तोच कायदा मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीत पुन्हा लागू झाला. टाळेबंदी आवश्यक होती का, ती चार तासांच्या सूचनेने लावायला हवी होती का, स्थलांतरित मजुरांचा विचार आधी का झाला नाही, यावर पुष्कळ वाद झाला. तो व्हायलाच हवा होता. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रेल्वे रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. ते घरी चालले होते. छावणीबाहेरची माणसे होती ती.

पण बंधू-भगिनींनो, वाद घालणारे आपण त्या वेळी काय केले? दिवसभर रुग्णांची सेवा करून आलेल्या परिचारिकांना काही सोसायट्यांनी फाटकातच अडवले. त्यांत आपल्या समाजाच्या मुलीही होत्या. मृतांना दफनासाठी जागा देण्यालाही विरोध झाला. वांद्र्यातील दफनभूमीबद्दलची याचिका मे २०२० मध्ये उच्च न्यायालयाने फेटाळली. आरोग्यसेवकांना संरक्षण देण्यासाठी त्या जुन्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती करावी लागली. सरकार चुकले तेव्हा आपण बोललो. शेजारी चुकला तेव्हा आपण किती बोललो?

चर्च बंद ठेवल्याबद्दलही त्या वेळी पुष्कळांना दुःख झाले. मिलानचे आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमिओ यांच्यापुढे १५७६ च्या प्लेगमध्ये हाच प्रश्न होता. नगरातील बडी मंडळी पळून गेली, ते थांबले. लोक घरांत कोंडलेले असताना त्यांनी चौकाचौकांत वेद्या उभारून मिस्सा करवली, म्हणजे खिडकीतून प्रत्येकाला सहभागी होता यावे. त्यांनी नियमही पाळला आणि माणूसही सोडला नाही. २७ मार्च २०२० रोजी संत पेत्राच्या रिकाम्या चौकात, पावसात, दिवंगत पोप फ्रान्सिस एकटे उभे राहून जगासाठी प्रार्थना करीत होते, ते दृश्य आपल्यापैकी अनेकांनी टीव्हीवर पाहिले आहे.

आपण काय करावे?

संत पौल आज दुसऱ्या वाचनात सांगतो की, तो स्वतःचे नव्हे तर पुष्कळांचे हित पाहतो. त्याच कसोटीवर तीन गोष्टी ध्यानात ठेवू या.

पहिली, खरे बोलावे. सरकारला प्रश्न विचारणे हा नागरिकाचा हक्क आणि ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे. मात्र खात्री नसलेला निरोप मोबाइलवरून पुढे पाठवू नये. अफवेने जीव जातो.

दुसरी, नियम पाळावा. क्षयरोगाची औषधे अर्धवट सोडू नयेत. ताप आल्यास लपवू नये. घराभोवती पाणी साचू देऊ नये. आपण पाळलेला नियम म्हणजे शेजाऱ्यावर केलेली प्रीती होय.

तिसरी, स्पर्श करावा. आपल्या वॉर्डात कोण आजारी आहे, कोण महिनोन्‌महिने अंथरुणावर आहे, कोणाकडे कोणी जात नाही, हे शोधावे. लूर्द मातेच्या सणाला, ११ फेब्रुवारीला, ख्रिस्तसभा जागतिक रुग्णदिन पाळते. त्या निमित्ताने प्रत्येक कुटुंबाने किमान एका आजाऱ्याच्या घरी जाऊन यावे. हात धुवून जावे, गरज असेल तर मुखपट्टी लावून जावे, पण जावे.

वांद्र्याच्या आणि गिरगावच्या गल्ल्यांत प्लेगच्या वर्षांत आपल्या पूर्वजांनी उभारलेले क्रूस आजही आहेत. चर्चमध्ये गर्दी करणे धोक्याचे होते तेव्हा लोक तिथे रस्त्यावर जमून प्रार्थना करीत. एखाद्या क्रूसापाशी आज जाल तर मेणबत्ती लावताना जे बाहेरच राहिले आणि ज्यांच्या कबरेवर नावही नाही, त्यांची आठवण करा.

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू कुष्ठरोग्याला हात लावलास आणि त्याची जागा स्वतः घेतलीस. आमच्या राज्यकर्त्यांना शहाणपण आणि कळवळा दे. डॉक्टर, परिचारिका आणि सफाई कामगार यांचे रक्षण कर. आम्हांला सत्य बोलण्याचे धैर्य दे आणि ज्याला सर्वांनी बाहेर ठेवले आहे, त्याच्याकडे जाण्याचे बळ दे. आमेन.