मृतांविषयी साक्ष

सुजाता मॅसी या बाल्टिमोरच्या ‘ईव्हनिंग सन’ या दैनिकात वार्ताहर होत्या. वृत्तपत्र सोडून त्या रहस्यकथांकडे वळल्या. पहिल्या कथा जपानच्या पार्श्वभूमीवरच्या. पुढे २०१८ साली ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ या कादंबरीत त्यांनी १९२१ सालची मुंबई उभी केली. पारशी वकील परवीन मिस्त्री पडद्यातील तीन मुस्लिम विधवांच्या मिळकतीचे कागद पाहते, सह्यांविषयी तिला संशय येतो आणि त्या घरात खून पडतो.

परवीन कल्पित आहे. परंतु तिच्यामागे ज्यांची सावली आहे त्या कॉर्नेलिया सोराबजी आपल्या पुण्याच्या. १८६६ साली नाशिक येथे, पारशी धर्मातून ख्रिस्ती झालेल्या पित्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. त्यांच्या आईने पुण्यात शाळा चालविली. डेक्कन कॉलेजात पहिल्या येऊनही विलायतेची शिष्यवृत्ती त्यांना नाकारण्यात आली, कारण त्या स्त्री होत्या. ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा त्यांनी १८९२ साली दिली. पदवी हाती पडली १९२२ साली! मधली वर्षे बंगालकडील पडदानशीन स्त्रियांच्या मिळकती सांभाळण्यात गेली. त्या स्त्रियांचे स्वतःचे म्हणणे सरकारी दप्तरात क्वचितच सापडते.

येथेच प्रश्न उभा राहतो. जी लेखणी काल ऐकलेले आणि पाहिलेले तेवढेच लिहीत होती, तिने आज मृतांच्या तोंडी शब्द घालावेत काय? आठव्या आज्ञेत खोट्या साक्षीला मनाई आहे, आणि ती केवळ जिवंत शेजाऱ्यापुरती आहे असे आम्हांस वाटत नाही.

असत्याच्या बाबतीत अतिशय कडक असलेल्या संत ऑगस्टीन यांनीही रचलेली प्रत्येक गोष्ट खोटी मानली नाही. जी एखाद्या सत्याकडे बोट दाखविते तिला त्यांनी वेगळे काढले. प्रभू येशूने सांगितलेली दयाळू शोमरोन्याची कथा घ्या. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणारा रस्ता खरा, वाटमारीचे भयही खरे. घायाळ वाटसरूला मात्र नाव नाही. त्या कथेने कोणावरही आळ येत नाही.

मॅसीबाईंनी नाव बदलले, धर्म बदलला, काळही पुढे सरकविला. आम्हांस यात प्रामाणिकपणा दिसतो. कॉर्नेलियाबाई ब्रिटिश राज्याच्या पक्षपाती होत्या, गांधीजींच्या चळवळीला त्यांचा विरोध होता. त्यांचे नाव ठेवून आजच्या वाचकाला रुचतील अशी मते त्यांच्या तोंडी घातली असती, तर ती सरळ खोटी साक्ष ठरली असती.

रहस्यकथेत तर धोका अधिक, कारण तिला गुन्हेगार हवाच असतो. वार्ताहराला एक सोय असते : ज्याच्याविषयी लिहायचे त्याला विचारता येते, आणि चुकल्यास दुसऱ्या दिवशी खुलासा छापता येतो. कादंबरीला खुलासा नसतो. (आणि मराठी माणूस ऐतिहासिक कादंबरीतील प्रसंग भाषणात इतिहास म्हणून सांगतो, हे आपण सारेच जाणतो.)

याचा दाखला दूर शोधायला नको. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्री प्रभुण्यांनी दोष दिला तो रघुनाथरावांना. परंतु लोककथेने गुन्हेगार निवडला तो आनंदीबाईंना : ‘धरावे’चे त्यांनी म्हणे ‘मारावे’ केले. अक्षर बदललेला तो कागद पुढे आलेला नाही. तरीही अडीचशे वर्षे ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार आपल्या तोंडी आहे. शाळेत मुले त्याचा अर्थ पाठ करतात, वाक्यात उपयोग करून दाखवितात आणि गुण मिळवितात.