उसनं प्रेम

पोलादपूर सोडून आमची एस.टी. आंबेनळी घाटाला लागली, तेव्हा माझ्या लग्नाला जेमतेम चार दिवस झाले होते. नव्या बायकोशी काय बोलावं ते सुचेना, म्हणून तिच्या कानाशी 'शुक्रतारा' गुणगुणलो. शब्द पाडगावकरांचे, चाल खळ्यांची, गळा अरुण दात्यांसारखा (निदान माझ्या मते). माझी काय ती महाबळेश्वरची दोन तिकिटं! गाणं द्वंद्वगीत, सुधा मल्होत्रांची बाजू ती सांभाळील, या आशेवर मी थांबलो. तिनं खिडकी गाठली. दोष वळणांचा, असं मी आजवर मानत आलोय.

उसने पैसे फेडावे लागतात. उसने शब्द मात्र खुशाल आपले म्हणून खपवायचे, हा प्रामाणिकपणा झाला का? अमेरिकेतही तोच घोळ. डीन मार्टिननं १९५३ साली गाजवलेलं 'दॅट्स अमोरे' म्हणजे अस्सल इटालियन प्रेम. संगीतकार हॅरी वॉरेन इटालियन आईबापांचा खरा, पण शब्द लिव्हरपूलला जन्मलेल्या जॅक ब्रुक्सचे! त्यात त्यानं चंद्राला चक्क पिझ्झ्याच्या पंगतीला बसवलंय. तरी जोडपी त्यावर डोळे मिटून नाचतात.

हे तत्त्वज्ञान परवा बायकोला ऐकवलं. ती भाकरी थापत होती.

"अहो, रेडिओ आमच्याकडेही होता," ती म्हणाली. "गाणं कुणाचं ते तेव्हाच कळलं होतं. म्हटलं, घाट संपला की आपलं काहीतरी बोलतील. अजून वाट बघतेय."

तव्यावर भाकरी टम्म फुगली होती. चंद्र अगदी जिभेवर आला. पण तोही उसनाच! मुकाट्यानं ताट पुढे केलं.