वंशावळीचा शोध कशासाठी?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील कंपू हे नावच छावणीवरून पडले आहे. १८१० साली दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ किल्ल्याच्या दक्षिणेस पडला आणि त्या तळाचेच पुढे शहर झाले. शिंद्यांबरोबर दक्षिणेतून शिपाई, कारकून अशी अनेक मराठी कुटुंबे आली व इकडेच राहिली. आपले मूळ गाव कोणते, हे त्यांच्या वंशजांना जाणून घ्यावेसे वाटते. कोणी घरातील मोडी कागदांचे रुमाल सोडतो, तर कोणी नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पणजोबांचे नाव शोधतो.

जवळच्या मुरारला १८८६ पर्यंत इंग्रजांची छावणी होती. इंग्रजी पलटणींत आयरिश शिपाईही पुष्कळ असत. छावण्यांतील बाप्तिस्मे, विवाह व दफने यांच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि आयर्लंडातील कुटुंबे त्यांत आपली परदेशी गेलेली माणसे शोधतात. मनुष्यस्वभाव सगळीकडे सारखाच!

परंतु हा शोध कशासाठी करावयाचा? थोर कुळ हाती लागावे एवढाच हेतू असेल, तर आपण सोयीची नावे ठेवू व अडचणीची गाळू. मत्तयाने प्रभूची वंशावळ लिहिताना तसे केले नाही. तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको यांना त्याने वगळले नाही. खरी वंशावळ माणसाचा ताठा उतरवते.

आणि नावच सापडले नाही तर? एज्राच्या दुसऱ्या अध्यायात अशी काही कुटुंबे आहेत. वंशावळीत नोंद न मिळाल्यामुळे त्यांना याजकपणातून दूर करण्यात आले. आपल्या मंडळ्यांतील कित्येकांच्या पूर्वजांना देवळाची पायरीही चढू दिली जात नसे, मग तीर्थाच्या वहीत त्यांचे नाव कोठून असणार? त्यांचे नाव पहिल्यांदा कागदावर आले ते बहुधा मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत. त्यापूर्वी ती माणसे नव्हती काय? होती, घाम गाळीत होती, लेकरे वाढवीत होती. कागदावर नाव नाही म्हणून माणसाची किंमत कमी होत नाही. देवाचे स्मरण कागदावर अवलंबून नाही.

मग नोंदी ठेवूच नयेत काय? तसे नव्हे. ३० जून १९२२ रोजी डब्लिन येथील सरकारी दप्तरखाना यादवी युद्धात जळाला. तेथे सुरक्षिततेसाठी पाठविलेल्या शेकडो प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या नोंदवह्यांची राख झाली. ज्या मंडळ्यांनी आपल्या वह्या स्वतःकडे जपल्या होत्या, किंवा नकला करून ठेवल्या होत्या, त्यांच्याच नोंदी उरल्या. देव विसरत नाही हे खरे; पण आपण विसरतो, म्हणून लिहून ठेवणे हे आपले कर्तव्य आहे.

आपल्या मंडळीची नोंदवही एकदा उघडून पाहावी. वाळवीने किती पाने खाल्ली आहेत? ‘अमक्याची बायको’ एवढ्यावरच किती स्त्रियांची ओळख संपली आहे? यापुढे तरी आईचे नाव व तिचे माहेरचे गाव लिहावे, आणि जीर्ण वहीची नकल करून घ्यावी. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मुलांना आजीकडून तिच्या आईचे नाव विचारून आणावयास सांगावे. ते नाव सांगणारी माणसे आज आहेत. उद्या ती असतीलच असे नाही.